मुंग्यांच्या वाट्या

"अगं, कुत्र्याच्या छत्र्या बघायला एवढ्या लांब लंडनला जावं लागलं होय तुला? इथे पावसाळ्यात उकिरड्यावर ढिगानं उगवतात की!"

मिरजेच्या आमच्या जाऊबाईंचा हा फोनवरचा शेरा. आम्ही राहतो नॉर्विचला, लंडनपासून रेल्वेने दोन तास. पण इंग्लंडमध्ये राहणारी सगळी माणसं लंडनलाच राहतात, असं त्यांचं ठाम मत आहे. पस्तीस वर्षांत ते बदललेलं नाही, मीही आता सांगायचं सोडून दिलंय. छत्र्यांबद्दल मात्र त्यांना सांगितलं, "वहिनी, छत्र्या नव्हेत हो, वाट्या. आणि तुमच्या डाळीच्या दाण्याहून लहान." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, "तब्येत बरी आहे ना तुझी?"

तब्येत बरी होती. पण त्या डाळीएवढ्या वाट्यांनी दोन उन्हाळे आमच्या घरातली झोप उडवली होती, ती हकीकत सांगते.

मी मूळची प्रयोगशाळेतली. मिरजेत डीएमएलटी केलं, लग्नानंतर इकडे आले, पुन्हा परीक्षा दिल्या आणि इथल्या इस्पितळाच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकावर डोळे लावून उभी हयात काढली. थुंकी, रक्त, पू असलंच सगळं बघितलं. २०१७ मध्ये निवृत्त झाले आणि पहिल्याच महिन्यात लक्षात आलं, की मला माणसांपेक्षा सूक्ष्मदर्शकाची जास्त आठवण येतेय. लेकीने हे ओळखलं. तिने एक जुना, पण चांगल्या भिंगांचा सूक्ष्मदर्शक वाढदिवसाला आणून दिला. आता त्याखाली बघायचं काय? लायब्ररीत एक कागद लावलेला दिसला, की आमच्या भागात बुरशींचा अभ्यास करणारा एक गट आहे, महिन्यातून दोनदा रानात जातो, कोणीही या. गेले.

तिथे मला आमचे गुरुजी भेटले. निवृत्त शाळामास्तर, वय ऐंशीच्या पुढे, कमरेत वाकलेले. त्यामुळे जमिनीवरचं त्यांना आधी दिसतं, असं ते स्वतःच सांगतात. मोठ्या छत्र्यांकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. त्यांचा जीव वाटी-बुरशींवर. छत्री असेल तर बीजाणू खालच्या बाजूने गळतात. वाटी असेल तर ते वाटीच्या आतल्या अंगातून वर उडतात. फेब्रुवारीतल्या एका सहलीत त्यांनी मला कुजलेल्या फांदीवरची लालभडक वाटी दाखवली. कुंकवाच्या करंड्याचं झाकण कोणी टाकून गेलंय असं वाटावं. म्हणाले, "हिच्यावर हलकेच फुंकर घाला आणि थांबा." घातली. दोन सेकंदांनी वाटीतून धुराचा लोट निघावा तसा पांढरा ढग वर आला. लाखो बीजाणू एकदम सुटले होते. साठीच्या उंबरठ्यावर असलेली मी रानात टाळ्या पिटत उभी!

"आता हिचं नाव सांगा," गुरुजी म्हणाले. मी पुस्तक उघडलं. लाल वाटीचे दोन जवळचे प्रकार, दोन्हींची चित्रं जुळ्या बहिणींसारखी. गुरुजी हसले. "डोळ्यांनी नाही सांगता येणार. घरी न्या. वाटीच्या बाहेरच्या अंगावरची लव बघा. लव सरळ असली तर एक, बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखी पिळलेली असली तर दुसरी."

घरी जाऊन बघितलं. पिळलेली होती. त्या दिवशी मला व्यसन लागलं.

ज्यांनी हे कधी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाटीचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा घ्यायचा, दाढीच्या पात्याने त्याचा जमेल तेवढा पातळ काप काढायचा (आमच्या ह्यांची पाती कुठे जातात, हे त्यांना बरेच दिवस कळत नव्हतं), स्लाइडवर नळाच्या पाण्याच्या थेंबात ठेवायचा, वर कव्हरस्लिप, आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टकटक दाबायचं. मग भिंगाखाली दिसतात लांबट, नळीसारख्या पिशव्या, कणसातल्या दाण्यांसारख्या शेजारी शेजारी दाटलेल्या. त्यांना ॲस्कस म्हणतात. प्रत्येक पिशवीत बहुधा आठ बीजाणू. पिशव्यांच्या मधून मधून बारीक धागे. ही पिशवी म्हणजे पाण्याच्या दाबाने ठासून भरलेली तोफ. काहींच्या टोकाला चक्क झाकण असतं, डब्यासारखं; दाब वाढला की ते उघडतं. काहींना झाकण नसतं, नुसतं बारीक भोक. झाकण की भोक, यावरून वाटी-बुरशींचे दोन मोठे गट पाडावेत, हे एमिल बूदिए नावाच्या फ्रेंच औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकात ओळखलं. दुकान सांभाळून करायचा हा माणूस! मला तो एकदम आपला वाटला.

आणि गंमत बघा. वाट्या ओळखायला जे औषध सगळ्यात जास्त लागतं ते आयोडीन. लुगोलचं आयोडीन. त्याचंच पातळ रूप आम्ही लॅबमध्ये ग्रामच्या तपासणीत रोज वापरायचो. काही वाट्यांच्या पिशवीचं टोक आयोडीन लागलं की निळं होतं, काहींचं होत नाही. तीस वर्षं त्या तपकिरी बाटलीवर मी पोट भरलं, आणि आता तीच म्हातारपणी खेळायला आली होती.

इथवर सगळा हौसेचा मामला. आता आमच्या झाडाकडे येते.

आमच्या परसदारी ॲशचं मोठं झाड होतं. ॲश म्हणजे राख नव्हे हं, ते इथल्या एका झाडाचं नाव. कडुनिंबासारखी पानं, एका देठावर समोरासमोर जोडीजोडीने पानुल्या. इंग्लंडच्या रानात, शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला जिकडे तिकडे दिसणारं. लाकूड चिवट, म्हणून कुऱ्हाडीचे, फावड्याचे दांडे याचे, क्रिकेटचे स्टंपसुद्धा याचेच. १९९४ मध्ये आम्ही हे घर घेतलं ते खरं तर आमच्या ह्यांनी या झाडाकडे बघून. ह्यांचं गाव कृष्णाकाठचं. गावातल्या पिंपळाच्या पारावर ह्यांचं लहानपण गेलं. घर ताब्यात आलं, त्याच उन्हाळ्यात ह्यांनी ॲशच्या बुंध्याभोवती विटा नुसत्या रचल्या, वर फळ्या टाकल्या आणि जाहीर केलं, "हा आपला पार." इथल्या मराठी मंडळींच्या कितीतरी कोजागिऱ्या त्या पारावर झाल्या, थंडीने कुडकुडत का होईना.

त्याच पाराखाली आमची लेक खेळायची. सहा वर्षांची असेल. पावसाळी जुलैत एकदा ओरडत आली, "आई, मुंग्यांच्या वाट्या!" जाऊन बघितलं तर आदल्या वर्षीच्या गळून पडलेल्या पानांचे देठ जमिनीवर पडलेले, आणि त्यांवर चिमुकल्या पांढऱ्या वाट्या, प्रत्येकीला बारीक दांडी. मोठ्यात मोठी चार-पाच मिलिमीटर. तिने त्या मोजल्या, बाहुलीची पंगत बसवली. आम्ही दोघं हसलो आणि विसरलो.

पुढे २०१२ साल आलं. ऑक्टोबरात बातमी आली, की आमच्या नॉर्विचपासून जवळच्याच ॲशवेलथॉर्पच्या रानात ॲशचा रोग सापडला. त्याआधी परदेशातून आणलेल्या रोपांत तो दिसला होता. पण मोकळ्या रानात, जुन्या झाडांवर देशात पहिल्यांदा सापडला तो इथे. महिना संपायच्या आत सरकारने ॲशची रोपं आयात करायला बंदी घातली. पण वाऱ्याला बंदी कोण घालणार? या रोगाचे बीजाणू वाऱ्यावर मैलोन् मैल जातात. आज देशातली ऐंशी टक्क्यांपर्यंत ॲशची झाडं जातील असा अंदाज वर्तवला जातो.

आमचं झाड मात्र दहा वर्षं ठणठणीत राहिलं. मग २०२२ चा तो उन्हाळा आला. जुलैत इंग्लंडमध्ये पाऱ्याने चाळिशी ओलांडली, हिरवळी जळून पिवळ्या पडल्या. आमच्या ॲशचा शेंडाही विरळ झाला. "उन्हाने," हे म्हणाले. पुढच्या वर्षी मेमध्ये पालवी आली ती झुबक्या झुबक्यांनी, मधल्या काड्या उघड्याच. "गेल्या वर्षीच्या उन्हाने," हे पुन्हा म्हणाले. कुंपणापलीकडे पायवाट आहे, तिच्यावरून शाळेची मुलं जातात. शेजारच्या बाईंनी फार सभ्यपणे विचारलं, की झाड कोणाला दाखवलंय का.

आम्ही झाडं कापणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याला इथे ट्री सर्जन म्हणतात. तो खाली उभा राहून बराच वेळ वर बघत राहिला. म्हणाला, रोग असावा. अजून अर्धा शेंडा जिवंत आहे, पण पायवाटेवरची बाजू धोक्याची. आणि सांगितलेला आकडा ऐकून ह्यांना पारावर बसावं लागलं.

पैशांचं दुःख नव्हतं, हे मी लिहून देते. त्या संध्याकाळी ह्यांनी आपला मुद्दा मांडला. "हे बघ, तू म्हणतेस त्या रोगाच्या बुरशीला पांढऱ्या वाट्या येतात, देठावर, उन्हाळ्यात. बरोबर? मग आपल्या पाराखाली तर त्या पंचाण्णव सालीच होत्या. पोरीने मोजल्या होत्या. तेव्हा कुठे होता रोग? झाड तर त्यानंतर पंचवीस वर्षं वाढलं. म्हणजे आपल्याकडची वाटी वेगळी आहे. निरुपद्रवी आहे."

मी लॅबवाली. कुणी असा मुद्दा मांडला की मला नमुना घ्यावासा वाटतो. जुलैत पाऊस झाल्यावर मी पाराखाली गुडघे टेकले. देठ होते. त्यांवर वाट्याही होत्या, आमच्या लेकीने दाखवलेल्या अगदी तशाच. तीन देठ, आठ वाट्या. डबीत ओला टिशू घालून गुरुजींकडे गेले आणि ह्यांचा मुद्दा जसाच्या तसा सांगितला.

वाटलं होतं, ते हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या नवऱ्याच्या बोलण्यात तथ्य आहे. नीट ऐका."

आणि त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. पोलंडमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲशची झाडं वाळायला लागली. कारण सापडेना. २००६ मध्ये तादेउश कोवाल्स्की या पोलिश संशोधकाने वाळलेल्या फांद्यांतली बुरशी शोधून तिला नाव दिलं. पण ती तिची अर्धीच ओळख होती. तिला वाटीचं रूप आहे का, हे माहीत नव्हतं. २००९ मध्ये वाटी मिळाली, आणि सगळे चक्रावले. कारण ती दिसत होती युरोपातल्या एका जुन्या, गरीब वाटीसारखी. हायमेनोस्कायफस अल्बिडस तिचं नाव. अल्बिडस म्हणजे पांढुरका. ती ॲशच्या गळलेल्या देठांवर राहते, त्यांचं खत करते, झाडाला बोटही लावत नाही. एकोणिसाव्या शतकापासून तिची नोंद आहे. मग एवढी साधी बुरशी एकाएकी झाडं कशी मारायला लागली? पुढच्या वर्षी डीएनएच्या तपासणीतून उलगडा झाला: एक नाही, दोन आहेत. जुळ्यासारख्या दिसणाऱ्या दोन वेगळ्या वाट्या. जुनी वाटी निर्दोष. नवी आली पूर्व आशियातून. तिकडे ती मांचुरियन ॲशच्या पानांवर फारसा त्रास न देता राहते. ते झाड आणि ती एकमेकांना ओळखून आहेत. युरोपातल्या ॲशला ती अनोळखी. नवीचं आजचं नाव हायमेनोस्कायफस फ्रॅक्झिनियस.

म्हणजे वर्ष-दीड वर्ष, दिसायला सारखी म्हणून, जुन्या बिचारीवर खुनाचा आळ होता. मला आमच्या लॅबची आठवण झाली. तिथे मी आणि एक गुजराती मैत्रीण, अशा दोघीच भारतीय. ती माझ्याहून वीतभर उंच, चष्मेवाली. तरी पंधरा वर्षं तिच्या चुकांचे फोन मला आले आणि माझ्या कौतुकाचे तिला.

"आता या दोघींत फरक कसा करायचा?" मी विचारलं. माझ्या मनात अर्थातच आयोडीन.

"करून बघा," गुरुजी म्हणाले.

घरी येऊन केलं. पिशवीचं टोक सुरेख निळं झालं. पुस्तक बघितलं: दोघींचंही होतं. बीजाणू मोजले. भिंगातली मोजपट्टी लावून तीस बीजाणू, तेही पिशवीतून आपणहून बाहेर पडलेलेच. आतले कच्चे असू शकतात. एका टोकाला गोलसर, दुसऱ्या टोकाला निमुळते, लांबी १३ ते २० मायक्रॉनच्या दरम्यान. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पुस्तक: दोघींची मापं एकमेकींत मिसळतात. देठावरचा काळा थर पाहिला; नवीचा बहुधा देठभर पसरतो, जुनीचा वाटीच्या आसपासच असतो. आमचे देठ भिजून सगळेच काळपट. दोन दिवस गेले, उत्तर नाही. हे रोज चहा घेऊन यायचे, खुर्चीमागे उभे राहायचे, विचारायचे नाहीत.

खूण होती ती पिशवीच्या तळाशी. टोकाशी नव्हे, तळाशी, जिथे कोणी सहसा बघत नाही. पिशवी ज्या धाग्यातून उगवते त्या धाग्याचं टोक काही बुरशींत आधी आकडीसारखं वाकतं, आपण शेवग्याच्या शेंगा ओढायला काठीला बांधतो तशी आकडी. वाकलेल्या कोपऱ्यातली पेशी वाढून पिशवी होते, आणि आकडीचं टोक खाली वळून मागच्या पेशीला पुन्हा चिकटतं. पिशवी मोठी झाली तरी तळाशी तो आकडा राहतो: बाजूला एक फुगवटा आणि मध्ये सुईने टोचल्यासारखी बारीक फट. नव्या वाटीच्या पिशव्यांना हा आकडा असतो. जुनीच्या पिशव्या साध्या, सरळ उगवतात, आकडा नाही. हान्स-ओटो बाराल हे जर्मन अभ्यासक आणि त्यांच्या जपानमधल्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हा फरक मांडला. बुरशी मेलेली नव्हे तर जिवंत असताना साध्या पाण्यात बघा, असा हट्ट धरणारे हेच ते बाराल.

सांगायला सोपं, दिसायला महाकठीण. सगळ्या पिशव्यांचे तळ एकमेकांत गुंतलेले असतात, विंचरून न काढलेल्या केसांच्या मुळांसारखे. जोरात दाबलं तर पिशव्या तळाशीच तुटतात आणि पुरावा नाहीसा. हलकं दाबलं तर गुंता सुटत नाही. तिसऱ्या दिवशी काँगो रेड लावलं. त्याने पेशींच्या भिंती लाल होतात आणि पडदे उठून दिसतात. ऑइल इमर्शनचं शंभर पटीचं भिंग लावलं, तेलाचा थेंब टाकला, आणि एक सुटी पिशवी सापडली. हळूहळू तिच्या खाली खाली गेले.

आकडा होता.

दुसरी पिशवी शोधली. आकडा. दुसऱ्या देठावरची वाटी घेतली. आकडा. आठही वाट्या तपासल्या. तीस वर्षं मी वाईट रिपोर्ट लिहिले, पण ते कुणा अनोळखी माणसाचे असायचे.

ह्यांना लगेच सांगितलं नाही. आधी स्लाइड घेऊन गुरुजींकडे गेले. न जाणो, माझंच चुकलं असेल. त्यांनी बघितलं, मान हलवली, आणि उठून कपाटातून बुटाचा एक खोका काढला. त्यात कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर तारीख आणि ठिकाण. एक पुडी निवडली: जुलै १९८७, इथूनच दहा मैलांवरचं रान, ॲशचा देठ. "तुमच्या नवऱ्याला घेऊन या," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. छत्तीस वर्षांपूर्वी सुकलेली वाटी गुरुजींनी पोटॅशच्या थेंबात भिजवली. ती पुन्हा फुगली, पापड तेलात पडल्यासारखी, फक्त सावकाश. काँगो रेड, कव्हरस्लिप, टकटक. त्यांच्या हाताला कंप आहे, पण कव्हरस्लिपवर तो कुठे जातो कोण जाणे. मग ह्यांना म्हणाले, "बघा. तळाशी."

ह्यांनी पाहिलं. पिशवी सरळ होती. आकडा नाही.

"ही जुनी. तुमच्या मुलीने मोजल्या त्या बहुधा ह्याच. तुमचं बरोबर होतं," गुरुजी म्हणाले. मग माझी स्लाइड ठेवली. "आणि ही तुमच्या पाराखालची, परवाची."

हे पुष्कळ वेळ भिंगावरून डोळा काढेनात. मग हळूच विचारलं, "जुनी कुठे गेली मग?"

गुरुजींनी खोका बंद केला. म्हणाले, दोघींना राहायला देठ एकच. नवीचे बीजाणू पान झाडावर असतानाच त्यात शिरतात. पान गळून पडेपर्यंत घर तिच्या ताब्यात गेलेलं असतं. जिथे नवी आली तिथून जुनी दिसेनाशी होत गेली. "झाडांसाठी सगळे हळहळले, आणि ते बरोबरच आहे. पण ही गेली तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही. कारण जागेवर तशीच दिसणारी दुसरी बसलेली होती."

घरी येताना गाडीत आम्ही बोललो नाही.

एक गोष्ट मात्र गुरुजींनी बजावून सांगितली, ती तुम्हालाही सांगते, कारण इथे घराजवळ ॲश असलेले वाचक पुष्कळ असतील. खाली वाटी सापडली म्हणून झाड पाडू नका. बीजाणू सगळीकडे आहेत. काही थोडी झाडं हा रोग सोसून उभी राहतात, आणि उद्याची ॲशची रानं त्यांच्याच बियांतून यायची आहेत. वाटी सांगते की रोग दारात आला. झाड जाणार की राहणार, हे झाडाकडे बघूनच ठरतं: शेंडा किती उरला, फांदीच्या बेचक्याशी सालीवर चौकटच्या आकाराचे डाग आहेत का, आणि ते कोणाच्या डोक्यावर पडेल.

आमच्या झाडाने उत्तर दिलंच. ऑगस्टअखेर अर्ध्याहून जास्त शेंडा गेला. कौन्सिलकडे चौकशी केली. झाडावर संरक्षणाचा आदेश नव्हता. पुढच्या फेब्रुवारीत, पाखरांची घरटी सुरू होण्याआधी, पाळणा लावलेली गाडी आली. रोगाने वाळलेलं ॲश काचेसारखं तडकतं, म्हणून माणसं त्यावर दोराने चढत नाहीत. ह्यांनी एकच मागणी केली, की बुंधा पुरुष-दीड पुरुष उंच राहू द्या. सुतारपक्षी, भुंगेरे, शेवाळ, कोणीतरी राहील. या देशात साडेनऊशेवर जातींचे जीव ॲशचा काही ना काही आसरा घेतात, असं अभ्यासकांनी मोजलंय. पारही तसाच आहे. सावली मात्र गेली.

जाऊबाईंना हे सगळं फोनवर सांगितलं, तेव्हा त्या पहिल्यांदाच मध्ये काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "आपल्याकडेही असतील का गं अशा वाट्या?" असतील काय, आहेतच की. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कुजक्या काटक्यांवर केसाळ कडांच्या सुंदर वाट्या उगवतात. पुण्याच्या आघारकर संस्थेत अजरेकरांच्या नावाने सुकवलेल्या बुरशींचा मोठा संग्रह जपून ठेवलाय, तोही त्यांना सांगितला. गुरुजींच्या त्या बुटाच्या खोक्याने मला एक शिकवलंय: सुकवलेली एक पुडी, तिच्यावर तारीख आणि जागा, एवढं असलं की छत्तीस वर्षांनीही कुणाची तरी बाजू खरी ठरवता येते. मीही आता पुड्या करते. प्रत्येक जुलैत जुन्या ॲशखालचे देठ गोळा करते, आकडा नसलेली एक तरी सापडेल म्हणून. नॉर्विचभोवती अजून सापडलेली नाही. हे भिंगामागे चहा घेऊन उभे असतात आणि आता विचारतात, "काय गं, आकडा?" "आकडा," मी म्हणते, आणि पुडीवर तारीख घालते.

झाड पाडलं त्याच वर्षीच्या जुलैत लेक नातवाला घेऊन आली होती. पाराखाली आदल्या वर्षीचे देठ अजून होतेच. पावसानंतर तो बाहेर गेला आणि ओरडत आत आला, "आजी, मुंग्यांच्या वाट्या!" आईने सांगून ठेवलं असणार.

मी म्हटलं, "आहेत खऱ्या. पण तुझ्या आईने बघितल्या होत्या त्या या नव्हेत."

त्याने देठ डोळ्यांजवळ धरला, उलटसुलट केला. "आईच्या फोटोतल्यासारख्याच तर दिसतात."

"दिसतात," म्हटलं. "चल आत. हात धू, दाखवते."